हसवणारा, मरणारा आणि मधला वऱ्हाडी

पडद्यावरचा वऱ्हाडी माणूस हा बूलियन व्हेरिएबल आहे, असं माझं फार दिवसांपासूनचं मत आहे. त्याला दोनच व्हॅल्यूज असतात. एक तर तो हसवतो, नाही तर तो मरतो. मधलं काही नाही.

हसवणारा तुम्ही पाहिलाच असेल. "काऊन बे" म्हणत एन्ट्री घेतो, मले-तुले करतो, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रेक्षक हसायला लागतात. तो काय बोलतोय याला महत्त्व नसतं, कसं बोलतोय यालाच हशा असतो. मरणारा बातम्यांत आणि 'सामाजिक आशयाच्या' सिनेमात भेटतो. भेगाळलेलं शेत, पदराने डोळे पुसणारी बायको, आभाळाकडे बघणारा म्हातारा, आणि शेवटी झाडाला दोर. मागे सारंगी. संपलं.

मी मूळचा अमरावतीचा, पोटासाठी पुण्यात. त्यामुळे या दोन्ही व्हॅल्यूज मला ऑफिसात आळीपाळीने असाइन होतात. टीम लंचला कुणीतरी म्हणतंच, "अरे, तुमच्या त्या भाषेत बोल ना काहीतरी!" (माझी 'ती' भाषा म्हणजे मराठीच, हे सांगून दमलो.) आणि एखादा मऊ मनाचा सहकारी कॉफी मशीनपाशी हळूच विचारतो, "तुमच्याकडे परिस्थिती फारच वाईट आहे, नाही का रे?" दोघंही चांगली माणसं आहेत. दोघांच्याही मनात खोट नाही. पण मी जेव्हा माझ्या दर्यापूरकडच्या काकांचा विचार करतो, तेव्हा ते या दोन्ही चौकटींत बसत नाहीत.

काका कपाशी, तूर, हरभरा घेतात. डोक्यावर कर्ज आहे. बँकेच्या मॅनेजरला रोज शिव्या घालतात आणि तो समोर आला की "या साहेब" म्हणून खुर्ची पुढे करतात. ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि पडले, त्याचा राग अजून आहे. पोरीच्या लग्नात ऐपतीच्या बाहेर खर्च केला, कारण 'चार लोक काय म्हणतील'. सख्ख्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या आणि त्याच आठवड्यात त्यांना साड्याही घेतल्या. शेतात निंदणाला येणाऱ्या बायांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी का, असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळत नाही. आणि हाच माणूस दुष्काळात शेजाऱ्याच्या बैलांना स्वतःच्या घरचं कुटार देऊन आला होता, कुणाला न सांगता.

हा माणूस कुठल्या सिनेमात आहे?

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, मग पाल्हाळ लावतो. बावळट आणि बिचारा या दोन्ही भूमिकांत एक मोठी सोय आहे. बावळटाला कुणी जाब विचारत नाही, आणि बिचाऱ्यालाही विचारत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याने आपलं चित्र चुकीचं रंगवलं, ही तक्रार आपण करतो आणि ती बरोबरच आहे. पण त्या चुकीच्या चित्रात आपण सुरक्षित असतो, हे आपण सांगत नाही. आपला माणूस कॅमेरा धरतो तेव्हा पहिली गोष्ट ही होते की ती सुरक्षितता जाते.

हे मला वऱ्हाडच्या सिनेमाने शिकवलं नाही. आफ्रिकेच्या सिनेमाने शिकवलं. तेव्हा जरा लांबचा फेरा मारू.

आपल्या पिढीने आफ्रिका पहिल्यांदा कशी पाहिली? बहुतेकांनी 'द गॉड्स मस्ट बी क्रेझी'मध्ये. १९८० चा सिनेमा. आकाशातून कोकाकोलाची बाटली पडते आणि कालाहारीतल्या भोळ्या माणसांची धांदल उडते. आम्ही लहानपणी भाड्याच्या कॅसेटवर पाहून लोळून हसलो होतो. तो काढला होता दक्षिण आफ्रिकेतल्या एका गोऱ्या दिग्दर्शकाने, जेमी युइसने, आणि तोही वर्णभेदाच्या ऐन काळात. नंतर चारच वर्षांनी, १९८४-८५ मध्ये, टीव्हीवर इथिओपियाचा दुष्काळ आला. फुगलेली पोटं, डोळ्यांवर माश्या. म्हणजे बघा, हसवणारा आणि मरणारा. अख्ख्या खंडाला तेच बूलियन!

(आफ्रिका हा एक देश नाही, चोपन्न देश आहेत, हे मला ठाऊक आहे. पण 'विदर्भ' म्हटल्यावर पुण्यात अमरावती, चंद्रपूर आणि गोंदिया एकाच पिशवीत कोंबतात, तसंच ते.)

या बूलियनला ज्याने पहिल्यांदा जोरात धक्का दिला तो माणूस म्हणजे सेनेगलचा उस्मान सेंबेन. जन्म १९२३, मृत्यू २००७. याची कथा कुठल्याही करियर गाइडन्सच्या पुस्तकात बसणार नाही. फ्रान्सच्या सैन्यात होता, मग मार्सेलच्या बंदरावर गोदी कामगार, मग युनियनचा कार्यकर्ता, मग फ्रेंचमध्ये लिहिणारा नावाजलेला कादंबरीकार. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या माणसांना हे वाचताच येत नाही. एक तर निरक्षर, त्यात पुस्तक फ्रेंच. तेव्हा हा गडी चाळिशीला टेकलेला असताना मॉस्कोला गेला आणि सिनेमा शिकून आला. सिनेमा म्हणजे रात्रशाळा, असं तो म्हणायचा.

त्याआधीची परिस्थिती लक्षात घ्या. फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरण करायला सरकारची परवानगी लागेल, असा हुकूम १९३४ मध्ये निघाला होता. त्यामुळे तिथल्या काही तरुणांनी १९५५ मध्ये सिनेमा काढला तो पॅरिसमध्ये, पॅरिसमधल्या आफ्रिकन माणसांवर. आफ्रिकेवरच्या ज्या फिल्म्स होत्या त्या फ्रेंच अभ्यासकांच्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाला, जाँ रूशला, सेंबेनने तोंडावर सुनावलं होतं की तुम्ही आमच्याकडे किड्यांकडे पाहावं तसं पाहता.

१९६३ मध्ये सेंबेनने 'बोरोम सारेत' केला. वीसेक मिनिटांची फिल्म. डाकार शहरातला एक घोडागाडीवाला, त्याचा एक दिवस. योगायोग असा की साठच्याच दशकात आपल्या अमरावतीत मनोहर तल्हार 'माणूस' नावाची कादंबरी लिहीत होते, आणि तिचा नायक होता सायकल रिक्षा ओढणारा. डाकारचा गाडीवाला आणि अमरावतीचा रिक्षावाला एकमेकांचे मावसभाऊ शोभतील. फरक एवढाच की डाकारवाला पडद्यावर गेला, जगभर फिरला. आपला रिक्षावाला लायब्ररीच्या कपाटात राहिला.

पण मुद्दा पुढचाच आहे. सेंबेनच्या हातात कॅमेरा आल्यावर त्याने काय केलं? आपण काय केलं असतं ते आधी सांगतो. आपण 'आमची थोर संस्कृती' दाखवली असती. सेंबेनने १९६८ मध्ये 'मंदाबी' काढला. फ्रेंच नाही, वोलोफ भाषेत, म्हणजे तिथल्या लोकांच्या रोजच्या बोलीत. गोष्ट साधी. इब्राहिमा नावाच्या बेकार माणसाला पॅरिसहून पुतण्याची मनीऑर्डर येते. ती वटवायला ओळखपत्र लागतं. ओळखपत्राला जन्माचा दाखला लागतो, दाखल्याला तारीख लागते, फोटो लागतो, ओळखीचा माणूस लागतो. सातबारा, फेरफार, केवायसी करत फिरलेल्या कुठल्याही वऱ्हाडी शेतकऱ्याला हा सिनेमा सबटायटलशिवाय समजेल. आणि शेवटी ते पैसे कोण खातं? गोरा साहेब नाही. घरचाच, शिकलेला, सुटाबुटातला नातेवाईक.

पुढे १९७५ मध्ये 'झाला' (हे मराठी क्रियापद नव्हे, त्या सिनेमाचं नाव आहे) काढला. स्वातंत्र्यानंतर गब्बर झालेला डाकारचा एक व्यापारी तिसरं लग्न करतो आणि पहिल्याच रात्री त्याला शाप भोवतो, पौरुष जातं. सगळा सिनेमा म्हणजे नव्या काळ्या साहेबांची यथेच्छ टर. सेनेगलच्या सेन्सॉरने कात्री चालवली. १९७७ च्या 'सेड्डो'वर तर बंदीच आली, आणि सरकारने कारण काय दिलं तर म्हणे नावाच्या स्पेलिंगमध्ये एकाच्या जागी दोन डी आहेत. (असलं कारण फक्त सरकारी खात्यालाच सुचू शकतं.) आणि वयाच्या ऐंशीच्या घरात, २००४ मध्ये, त्याने 'मूलादे' केला. मुलींच्या जननेंद्रियाच्या छेदाची प्रथा, आणि तिच्याविरुद्ध उभी राहिलेली एका खेड्यातली बाई. परंपरा म्हणून जे चालत आलंय त्याला त्याच गावच्या अंगणात उभं करून विचारलेला प्रश्न.

हाच प्रश्न एखाद्या युरोपियन दिग्दर्शकाने विचारला असता तर आपण म्हणालो असतो, आला मोठा सुधारक. आणि ते म्हणणं खोटंही ठरलं नसतं. घरच्या माणसाला मात्र तसं म्हणून उडवून लावता येत नाही. बाहेरचा कॅमेरा फार तर दया करतो किंवा टिंगल करतो. हिशेब घरचाच मागू शकतो.

आता परत घरी येऊ.

ही जाब विचारायची परंपरा आपल्याकडे नाही असं कुणी म्हणेल तर त्याला मी शेंडगावला नेईन. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं गाव, गाडगेबाबांचा जन्म इथला, १८७६ चा. बाबांचं कीर्तन म्हणजे काय होतं? समोर बसलेल्या हजारो लोकांना अस्सल वऱ्हाडीत विचारलेले प्रश्न. कर्ज काढून सण का करता? देवापुढे बकरं का कापता? पोरांना शाळेत का घालत नाही? लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांना कळायचं की आपणच पकडले गेलोय. वऱ्हाडी बोलीतला विनोद असा वापरला जायचा! आज तीच बोली टीव्हीवर आली की नुसती हसवते, पकडत मात्र नाही. भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'तून आपली बोली महाराष्ट्राच्या घराघरांत नेली याचा मला आनंदच आहे, त्यांचं टायमिंग जबरदस्त आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार ही की त्या बोलीला पडद्यावर दुसरी नोकरी कुणी देत नाही. हीरो प्रमाण मराठीत प्रेम करतो, वकील प्रमाण मराठीत भांडतो, आणि वऱ्हाडी चहा आणून देतो.

बाबांवर सिनेमे झाले. १९७७ चा 'देवकीनंदन गोपाला', राजदत्तांचा, त्यात डॉ. श्रीराम लागू. मग २०१० चा 'देबू', त्यात मोहन जोशी. म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस आपण पडद्यावर आणला. त्याचे प्रश्न पुढे चालवणारे सिनेमे मात्र बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या तिघांबद्दल बोलतो.

पहिला 'गाभ्रीचा पाऊस', २००९, दिग्दर्शक सतीश मनवर. नावातच मजा आहे. 'गाभ्रीचा' ही आपल्याकडची शिवी, पण अशी शिवी की जी बैलाला, पोराला, पावसाला, कुणालाही अर्ध्या रागात अर्ध्या मायेने घालता येते. गावात एकाने आत्महत्या केलेली असते. किस्नाच्या (गिरीश कुलकर्णी) बायकोला, अलकाला (सोनाली कुलकर्णी), धास्ती बसते की आता आपल्या नवऱ्याच्या डोक्यातही तेच असणार. मग ती त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागावर पाठवते, गोडधोड करून खाऊ घालते. इकडे किस्नाच्या डोक्यात तसलं काहीच नसतं, तो बियाणं आणि पावसाच्या चिंतेत, आणि बायको अशी विचित्र का वागतेय म्हणून वैतागलेला.

हे पाहताना तुम्ही हसता. खरंच हसता. आणि हसताना घशात काहीतरी अडकतं. आत्महत्येवरच्या सिनेमात हसू आणणं हे बाहेरच्याला जमत नाही, त्याला ते पाप वाटतं. ज्याला माहीत आहे की मयताच्या घरीही कुणीतरी चहात साखर कमी म्हणून कुरकुरतं, त्यालाच ते जमतं. इथे तो हसवणारा आणि मरणारा एकाच देहात आले, आणि मला पहिल्यांदा मधला माणूस दिसला.

मनवरांचा दुसरा सिनेमा 'तुह्या धर्म कोंचा', २०१३. बघा, पोस्टरवरच बोली! आदिवासी माणसाला सगळेच येऊन विचारतायत की तू आमचा की त्यांचा. त्याला सामाजिक विषयावरच्या सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या मेळघाटापासून शहर फार लांब नाही, पण आपल्यातल्या किती जणांच्या डोक्यात मेळघाट म्हणजे चिखलदऱ्याचं पिकनिक आणि कुपोषणाची बातमी एवढंच असतं? म्हणजे बूलियन फक्त पुणेकर वापरतात असं नाही हं. आपणही कोरकूंसाठी तेच वापरतो.

तिसरा 'स्थळ', जयंत सोमलकर यांचा. आधीच सांगतो, हा वऱ्हाडचा नाही, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आहे, आणि चंद्रपूरची बोली आमच्यापेक्षा वेगळी पडते. पण कपाशीचं दुखणं तेच आणि पोरगी 'उजवायची' घाई तीच. सिनेमात बहुतेक माणसं गावातलीच आहेत, नट नव्हेत. सविता नावाची कॉलेजात शिकणारी मुलगी. तिला बघायला पाहुणे येतात. पाटावर बसवतात. नाव काय, शिक्षण काय, उंची किती. नकार येतो. पुन्हा पाहुणे. पुन्हा पाट. नाव काय, शिक्षण काय, उंची किती. दिग्दर्शक तुम्हाला तेच तेच पुन्हा दाखवतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुमच्या लक्षात येतं की या खोलीत आपण बसलेलो आहोत, आणि आपण पाहुण्यांच्या बाजूला बसलोय.

बाप कापूस पिकवणारा. भाव पडलेला. शंभरातल्या नव्याण्णव सिनेमांत तो 'बिचारा' झाला असता आणि विषय संपला असता. इथे बाप बिचारा आहेच, पण पोरीच्या आयुष्यात तोच अडसरही आहे. जगाने त्याच्यावर अन्याय केलाय आणि तो पोरीवर करतोय, एकाच वेळी, आणि त्याचं पोरीवर प्रेमही आहे. हे तिन्ही एका माणसात मावतं, हे सांगायला सिनेमा लागतो. अग्रलेखात ते मावत नाही. 'मूलादे' आणि 'स्थळ' यांच्यात अर्धं जग पडलंय, विषयाची दाहकताही वेगळी आहे, पण दोघांची हिंमत एकाच जातीची आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. म्हणजे काय, फक्त अमरावतीच्याच माणसाने अमरावतीवर सिनेमा काढायचा? डोमिसाइल सर्टिफिकेट जोडायचं का? नाही. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातले, पण २०२२ च्या 'झुंड'मधली नागपूरची पोरं अस्सल नागपुरी आहेत, कारण त्यांनी तिथलीच पोरं घेतली आणि त्यांना त्यांचंच बोलू दिलं. उलट आपल्याच गावचा एखादा मुंबईत जाऊन आपल्यालाच विकणारे विनोद लिहू शकतो. घरचा म्हणजे जन्माने घरचा असं नव्हे. ज्याला त्या माणसांपुढे उद्या तोंड दाखवायचंय, तो घरचा. मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. तो दगड भिरकावण्याचा हक्क त्यांनी ते जगणं माहीत असल्यामुळे कमावला होता.

आता दुखरी बाजू. 'गाभ्रीचा पाऊस' २००९ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला. 'स्थळ' सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोत दाखवला गेला, तिथे नेटपॅकचा पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थेटरात आला तो ७ मार्च २०२५ ला. दीड वर्षाने! वऱ्हाड-विदर्भाची गोष्ट आधी हॉलंड-कॅनडाला कळते, मग अकोल्याला, तीही शो लागला तर.

आणि यातला विनोद सांगू? सिनेमाच्या धंद्यात आमचा प्रांत अजून जिवंत आहे. बेरार नावाचा प्रांत नकाशावरून कधीच गेला, पण हिंदी सिनेमाच्या कमाईचे आकडे निघतात तेव्हा आजही 'सीपी-बेरार' हा रकाना असतो. आणि या टेरिटरीच्या वितरणाचं अमरावती हे जुनं मोठं केंद्र. मुंबईत बनलेल्या सिनेमाच्या रिळांच्या पेट्या इथल्या ऑफिसांतून गावोगावच्या टॉकीजमध्ये जायच्या. म्हणजे आमच्या शहराने दुसऱ्यांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या वाटल्या. स्वतःची एकही पेटी भरली नाही.

आफ्रिकेत हेच होतं. फ्रेंच वसाहती स्वतंत्र झाल्या तरी तिथल्या थेटरांना सिनेमे पुरवायच्या दोन फ्रेंच कंपन्या. अमेरिकन, फ्रेंच आणि हो, आपले हिंदी सिनेमेसुद्धा. स्वतःचा दिग्दर्शक मात्र स्वतःच्या गावात उपरा. त्यावर अप्पर व्होल्टा नावाच्या एका गरीब देशाने (आजचा बुर्किना फासो) दोन गोष्टी केल्या. १९६९ मध्ये राजधानी वागाडूगूत आफ्रिकन सिनेमाचा महोत्सव सुरू केला, जो 'फेस्पाको' नावाने आजही भरतो. आणि १९७० मध्ये थेटरं सरळ सरकारच्या ताब्यात घेतली. राष्ट्रीयीकरण करा असं मी म्हणत नाही (आयटीवाला आहे, नोकरी जाईल). पण वागाडूगू हे काही पॅरिस नाही. आपल्या अमरावती-अकोल्यासारखंच धुळीचं, उन्हाचं गाव. तिथे जगातले लोक आफ्रिकेचा सिनेमा पाहायला येतात. आधी घरी दाखवायचं, मग जगाला, एवढंच त्यांनी ठरवलं.

नायजेरियाने तर तेवढीही वाट पाहिली नाही. १९९२ मध्ये तिथे इग्बो भाषेतला 'लिव्हिंग इन बाँडेज' थेट व्हिडिओ कॅसेटवर आला, बाजारात विकला गेला, आणि त्यातून नॉलिवूड उभं राहिलं. आपल्या हातात यूट्यूब आहे, आणि वऱ्हाडी व्हिडिओंचा तिथे पूर आहे. त्यातले बहुतेक हसवणारेच आहेत. पण बोलीला लाजणारी पोरं आता बोलीत व्हिडिओ काढतायत, ही सुरुवात काही वाईट नाही.

राहिला इतिहास. सेंबेनने १९८८ मध्ये तिएर्नो फाती सो याच्यासोबत 'काम्प द तियारॉय' केला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढून आलेल्या आफ्रिकन सैनिकांनी थकलेला पगार मागितला, म्हणून १ डिसेंबर १९४४ ला फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या घातल्या. फ्रान्सच्या अध्यक्षांनी याला 'कत्तल' म्हटलं ते २०२४ मध्ये. सिनेमाने छत्तीस वर्षं आधी म्हटलं होतं.

आपल्याकडे असा इतिहास नाही का? यावली आणि बेनोडा, अमरावती जिल्ह्यातली दोन गावं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथे गोळीबार झाला, आणि आज त्यांच्या नावापुढे 'शहीद' लागतं. एसटीच्या पाटीवर ते नाव वाचत आपण मोठे होतो. किंवा कापूस घ्या. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभारात घेतलं, १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांकडे मँचेस्टरचे डोळे लागले. भाव चढले, मग युद्ध संपलं आणि भाव कोसळले. बाजार जगाचा आणि बुडणारा वऱ्हाडी, हे गणित तेव्हापासूनचं आहे. आत्महत्येच्या बातमीला दीडशे वर्षांची फ्लॅशबॅक आहे, पण पडद्यावर आपण फक्त क्लायमॅक्स दाखवतो.

तरी हे दोन्ही सिनेमे निघाले तर मला फार नवल वाटणार नाही, कारण दोन्हींत खलनायक इंग्रज आहे. मला पाहायचाय तो तिसरा. नोव्हेंबर १९२७, अमरावतीचं इंद्रभुवन थिएटर. वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि विषय अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात पुढे होते. त्या मंदिरात आपण सगळे नवरात्रात रांग लावतो. या गोष्टीत इंग्रज नाही, निजाम नाही, सावकारही नाही. दाराच्या आत कोण उभं होतं आणि बाहेर कोण, हे दाखवायचं तर कॅमेरा आपल्याच आजोबा-पणजोबांच्या तोंडावर लावावा लागेल. प्रसंगही असा की तो एका थिएटरात घडलाय! आपल्या शहरात सिनेमावाल्याला याहून मोठं आवतण काय हवं? काही लोक चिडतील. सेंबेनवरही चिडले.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक माझ्यासारखेच. पुणे, बंगलोर, हैदराबाद, लॅपटॉप, ईएमआय. आपण काही उद्या राजीनामा देऊन मॉस्कोला जाणार नाही. पण आपल्यातल्या दहा-वीस जणांचा पैसा एका छोट्या फिल्मला पुरतो, आणि फ्लॅटच्या पार्किंगला आपण त्याहून जास्त देतो. अमरावतीत तीन दिवसांचा महोत्सव भरवायला मंगल कार्यालय, प्रोजेक्टर आणि शंभर खुर्च्या लागतात. 'स्थळ', 'गाभ्रीचा पाऊस' आणि जोडीला 'मंदाबी' लावा. 'मंदाबी' पाहून तलाठी कार्यालयातून आलेला माणूस काय म्हणतो ते ऐकायला मी पुण्याहून रजा टाकून येईन.

आणि कुणी खरंच सिनेमा काढणार असेल तर माझी फर्माईश आधीच नोंदवतो. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० ची कादंबरी. (२०१२ चे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला 'धग' नावाचा सिनेमा वेगळा, त्याचा हिच्याशी संबंध नाही.) आपल्याकडच्या खेड्यातली कौतिक, राब राब राबणारी, एका जागी न टिकणारा नवरा आणि पोरं सांभाळत झिजणारी. ती हसवत नाही, आणि बातमीत येईल असं मरतही नाही. फक्त रोज उठते आणि कामाला लागते. तिचं बोलणं अस्सल वऱ्हाडीत ठेवा, एक शब्द बदलू नका. डाकारच्या लोकांसाठी 'मंदाबी' वोलोफमध्ये झाला तसा हा आधी तळेगाव, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या माणसांसाठी होऊ द्या. पुण्यातल्या माझ्या टीमला नाही समजला तर काळजी नको. त्यांच्यासाठी खाली सबटायटल टाकू, मराठीत. :)